पावांत लपलेलें बाळ

आपल्या घरीं सण आला म्हणजे त्याची पहिली वर्दी स्वयंपाकघरांतून मिळते. पुरण शिजूं लागलें, करंज्या तळल्या जाऊं लागल्या, किंवा नाताळच्या आधीं नेवऱ्यांचा वास सुटला, कीं दिवस कोणता आहे हें लहान मुलासहि सांगावें लागत नाहीं. पाववाल्याचें दुकान मात्र आपल्या मतें रोजच्या व्यवहाराची जागा. तेथें सकाळीं जावें, चार पाव घ्यावे आणि परत यावें. सणाचा आणि त्या भट्टीचा संबंध काय, असेंच आपणांस वाटतें. परंतु या पृथ्वीवर असा एक देश आहे, कीं जेथें वर्षांतून एकदां सगळें गांव पाववाल्याच्या दारीं लोटतें, आणि त्या दुकानांतून नेलेला एकच पाव घरोघर महिनाभर पुरेल एवढी गंमत, चर्चा आणि थोडीशी काळजीहि निर्माण करतो. तो देश मेक्सिको, तो सण ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, आणि त्या पावाचें नांव ‘रोस्का दे रेयेस’, म्हणजे राजांचें कडें. या पावाची हकीगत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असा आमचा आजचा विचार आहे.

तीन राजांची कथा आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. मत्तयाच्या शुभवर्तमानांत असें आलें आहे कीं, येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडील कांहीं ज्ञानी पुरुष एका ताऱ्याच्या अनुरोधानें बेथलेहेमास आले आणि त्यांनीं बालकापुढें सोनें, ऊद व गंधरस हीं ठेविलीं. ते किती होते हें मूळ ग्रंथांत नाहीं, ते राजे होते असेंहि तेथें म्हटलेलें नाहीं. भेटी तीन म्हणून भेटी आणणारेहि तीन, अशी समजूत पुढें रूढ झाली, आणि कालांतरानें त्यांस मेल्शियोर, गास्पार व बाल्थाझार अशीं नांवें मिळून मस्तकावर मुकुटहि चढले. यूरोपांतील एका परंपरेप्रमाणें गास्पार हा हिंदुस्थानचा राजा मानिला जातो. बालकाचा ठावठिकाणा आपणांस कळवावा असें हेरोद राजानें त्यांस बजाविलें होतें. परंतु स्वप्नांत सूचना मिळाल्यामुळें ते दुसऱ्या वाटेनें निघून गेले, आणि योसेफ व मरिया हीं बालकास घेऊन मिसर देशांत पळून गेलीं. बाळाला लपविल्याची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पावाशीं तिचा संबंध पुढें येणार आहे.

हा सण आपल्या बाजूस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. गोमंतकांत मांडवीच्या उत्तर तीरावर रेइश मागुश नांवाचें गांव आहे. हें नांव पोर्तुगीज असून तें याच राजांचें आहे, व तेथील जुनें चर्चहि त्यांसच वाहिलेलें आहे. तसेंच कांसावली, कुएली व आरोशी या शेजारशेजारच्या गांवांतील तीन मुलगे ६ जानेवारीस राजवेष करून घोड्यांवर बसतात आणि मिरवणुकीनें टेकडीवरील चॅपेलकडे जातात. पोर्तुगिजांनीं जो सण गोमंतकांत आणिला, तोच स्पॅनिश लोकांनीं अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोंत नेला. तेथें तो प्रथम मुलांचा सण आहे. सणापूर्वीं मुलें राजांस पत्र लिहून आपणांस काय हवें तें कळवितात. कित्येक तर तें पत्र फुग्यास बांधून आकाशांत सोडतात. ५ जानेवारीच्या रात्रीं आपला जोडा दिसेल अशा ठिकाणीं ठेवून तीं निजतात, आणि सकाळीं उठून पाहतात तों जोड्याजवळ खेळणीं! मुलांचा सण असा सकाळींच उजाडतो. मोठ्यांचा सण सायंकाळीं, आणि त्याची तयारी पाववाल्याच्या भट्टींत आदल्या दिवसापासून चाललेली असते.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेक्सिको हा मुळांत पावाचा देश नव्हे; तो मक्याचा देश आहे. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवावा, साल सुटली म्हणजे धुऊन पाट्यावर वाटावा, आणि त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजाव्या, ही तेथील रीत हजारों वर्षांची आहे. चुन्याच्या संस्कारानें मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व शरीरास लागूं होतें. हें शास्त्र अलीकडे कळलें. पण मका पिकविणाऱ्या त्या लोकांनीं ती युक्ति पिढ्यान् पिढ्या सांभाळिली होती. १५२१ सालीं त्यांची राजधानी स्पॅनिश सैन्यानें घेतली, आणि नव्या राज्यकर्त्यांबरोबर गहूं आला. तो तेथें प्रथम पेरणारा मनुष्य हुआन गारिदो हा आफ्रिकेंत जन्मलेला एक कृष्णवर्णी सैनिक होता. १५३८ सालच्या आपल्या अर्जांत त्यानें हा मान स्वतःकडे घेतला आहे. तांदळाच्या पोत्यांत सांपडलेले गव्हाचे तीन दाणे त्यानें पेरले अशी आख्यायिका आहे. तेव्हांपासून त्या देशांत दोन अन्नें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं: भट्टींतला पाव बाहेरून आलेल्यांचा, आणि तव्यावरची भाकरी मूळच्या रहिवाशांची. हा भेद पुढें बराच पुसट झाला. पण आमच्या आजच्या गोष्टींत तो एकदां पुन्हां डोकें वर काढील.

एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच कारागीर मेक्सिकोंत येऊन राहिले व त्यांच्या हातचे गोड पाव लोकांच्या जिभेवर बसले. मेक्सिकन अधिकाऱ्यांनीं आपल्या दुकानाची नासधूस केली अशी तक्रार एका फ्रेंच मिठाईवाल्यानें आपल्या राजाकडे केली होती. इतरहि मागण्या त्यांत मिळवून फ्रान्सनें सहा लक्ष पेसो मागितले, आणि ते न मिळाल्यामुळें १८३८ सालीं आरमार पाठवून व्हेराक्रूझ बंदराची कोंडी केली. इतिहासांत या लढाईस ‘पेस्ट्रीचें युद्ध’ असेंच नांव पडलें आहे! १८३९ सालीं तह होऊन तें मिटलें. फ्रेंच धाटणीच्या गोड पावांस मात्र मेक्सिकन लोकांनीं आपलेंसें करून टाकिलें.

आज मेक्सिकन बेकरींत शिरणारा मनुष्य दाराशीं एक वाटोळें तबक व एक चिमटा उचलतो आणि फडताळांमधून फिरत आपल्याला हवे ते पाव स्वतः निवडून तबकांत ठेवितो. मग तें तबक गल्ल्यापाशीं नेऊन पैसे चुकते करितो. पावांचीं नांवें मोठीं गमतीचीं आहेत. एकाच्या पाठीवर साखरेच्या लगद्याच्या रेघा शिंपल्यासारख्या उमटविलेल्या असतात, म्हणून तो ‘कोंचा’, अर्थात् शिंपला. दुसरा कानासारखा, म्हणून ‘ओरेहा’. तिसरा शिंगासारखा वांकडा, म्हणून ‘कुएर्नो’. रोजच्या जेवणाचा साधा पाव तो ‘बोलियो’. त्यांत पीठ, पाणी, मीठ व खमीर यांपलीकडे फारसें कांहीं नसतें.

परंतु जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत हे सारे मागें पडतात आणि फडताळांवर, मेजांवर, खिडकींत, जिकडे तिकडे रोस्काच रोस्का दिसतात. मेक्सिको शहरांत १९२७ पासून चालत आलेली ‘इदेआल’ नांवाची बेकरी आहे. तिच्यासारख्या नामांकित दुकानांपुढें या दिवसांत लांबच लांब रांगा लागतात.

हा पाव घडतो कसा, तें आतां पाहूं. मैदा, अंडीं, लोणी, साखर व खमीर यांची कणीक मळितात आणि तींत संत्र्याची किसलेली साल घालितात. कोणी नारिंगाच्या फुलांचें सुगंधी पाणीहि घालितात. अशी श्रीमंत कणीक फुगण्यास मोठी आळशी असते. साखर पाणी ओढून घेते, म्हणून खमिराचे सूक्ष्म जीव मंदावतात. आणि लोण्याचा ओशटपणा गव्हांतील चिकट द्रव्याची जाळी लवकर जमूं देत नाहीं. साध्या पावाची कणीक जेवढ्या वेळांत दुप्पट होते, त्याहून कितीतरी अधिक वेळ हिला द्यावा लागतो. म्हणूनच सणाच्या आदल्या रात्रीं बेकरींतल्या कारागिरांस झोंप नसते. फुगलेल्या कणकेची लांब वळी करून तिचीं दोन्हीं टोकें जुळवितात व लांबट वर्तुळ करितात. हें कडें म्हणजे राजाचा मुकुट, असें कोणी म्हणतात. ज्यास आरंभ नाहीं व अंत नाहीं अशा ईश्वरी प्रेमाची ती खूण, असें दुसरे म्हणतात. त्यांत व्यवहाराचा फायदाहि आहे: मध्यें पोकळी असल्यामुळें एवढा मोठा पाव आंत कच्चा राहत नाहीं.

मुकुट म्हटला कीं रत्नें हवींत. ती जागा सुकविलेलीं अंजिरें, चेरी व ‘आते’ नांवाच्या वडीच्या रंगीत पट्ट्या घेतात. फळांचा गर साखरेंत आटवून ही वडी करितात. गोमंतकांतील पेराद ज्यांनीं खाल्ली आहे त्यांस तिची कल्पना सहज येईल. पूर्वीं बिस्नागा नांवाच्या जाड निवडुंगाचा मुरंबाहि पावावर घालीत असत. परंतु तो निवडुंग वाढावयास फार वर्षें लागतात, आणि खाणारांच्या हौसेपायीं तो रानांतून नाहींसा होऊं लागला. तेव्हां सरकारनें त्यास कायद्यानें संरक्षण दिलें. आतां जाणते पाववाले त्याच्या जागीं आतेच घालितात. सणाची शोभा रानाच्या जिवावर उठूं नये, हा धडा आपणहि घेण्यासारखा आहे.

येथवर वर्णिलेला पाव दिसावयास सुंदर व खावयास गोड. पण एवढ्यानें कांहीं त्याची कीर्ति झालेली नाहीं. त्याच्या पोटांत एक गुपित असतें. पाववाला खालच्या बाजूनें त्यांत बोटाच्या पेराएवढी एक बाहुली खुपसून ठेवितो. ही बाहुली म्हणजे बाळ येशू. हेरोदापासून त्यास लपविलें त्याची ही आठवण. प्राचीन काळीं यूरोपांत पावांत घेवड्यासारख्या एका शेंगेचा दाणा लपवीत. मग चिनीमातीची बाहुली आली, आणि आतां बहुधा प्लॅस्टिकची असते. पाव मोठा असेल तर बाहुल्याहि दोन, चार किंवा अधिक असतात.

सायंकाळीं घरांतील मंडळी, शेजारी व आप्त मेजाभोंवतीं जमतात. पेल्यांत ऊन ऊन चॉकोलेट ओततात. तें ज्या बियांपासून होतें त्या कोकोची ओळखहि जगास याच भूमीनें करून दिली आहे. मग सुरी हातोहात फिरते. येथें यजमानानें सर्वांस वाढावयाचें नसतें. ज्यानें त्यानें आपला तुकडा आपणच कापावा अशी रीत आहे, म्हणजे आपल्या वांट्यास जें येईल त्याचा बोल दुसऱ्यास लावतां येत नाहीं! सुरी लागली कीं गप्पा थांबतात. कोणी तुकडा उचलण्यापूर्वीं खालून हळूच न्याहाळतो, कोणी मुद्दाम अगदीं पातळ काप घेतो. इतक्यांत कोणाच्या तरी सुरीस कांहींतरी कठीण लागतें आणि पावांतून एक इवलेंसें पांढरें डोकें डोकावतें. एकच हंशा पिकतो. सुटलेले सगळे टाळ्या पिटतात, आणि ज्यास बाहुली सांपडली तो हंसत हंसत मनांत हिशेब करूं लागतो.

हिशेब कशाचा? ज्यास बाळ सांपडलें तो त्या बाळाचा धर्मपिता झाला. बाई असेल तर धर्ममाता. आणि या नात्याबरोबर एक कर्तव्य येतें: २ फेब्रुवारीस, आज येथें बसलेल्या सर्व मंडळीस त्यानें तामाल खाऊं घालावे. नाताळचा दिवस धरून मोजिलें तर २ फेब्रुवारी हा चाळिसावा दिवस. बाळ येशूस मंदिरांत नेल्याची आठवण त्या दिवशीं करितात आणि मेणबत्त्यांस आशीर्वाद देतात. म्हणून त्यास ‘कांदेलारिया’ म्हणतात. मेक्सिकोंत घरोघर नाताळच्या देखाव्यांत बाळाची मूर्ति असते. तिला त्या दिवशीं नवे कपडे शिवून नटवितात व चर्चमध्यें नेतात. घरीं परतल्यावर तामालची पंगत बसते.

तामाल म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस समजावणें कठीण नाहीं. पातोळ्या आपण हळदीच्या पानांत गुंडाळून उकडतों ना? तसेंच मक्याचें पीठ चरबी घालून खूप फेंसावें, मक्याच्या कणसावरील सुकें पान भिजवून त्यावर तें थापावें, मध्यें तिखटांतलें मांस, चीज किंवा गोड सारण भरावें, गुंडाळावें आणि वाफेवर शिजवावें. सोबत ‘आतोले’ नांवाची मक्याची दाट गरम पेज. काम मोठें कष्टाचें. दहावीस माणसांचें करावयाचें तर घरांतील सगळे हात लागतात. बाजारांतून विकत आणूनहि भागतें, पण मग खिसा सोसतो. गरिबाच्या घरीं बाहुली निघाली तर ती खरोखरच विचार करावयास लावते. म्हणूनच बाहुली सांपडल्यावर ती हळूच खिशांत घालणारे, तोंडांत लपविणारे, क्वचित् गिळून टाकणारेहि पुरुषार्थी असल्याच्या गोष्टी तेथें सांगतात! आणि म्हणूनच समंजस लोक पावांत अनेक बाहुल्या ठेवावयास लावतात. एकानें तामाल आणावे, दुसऱ्यानें आतोले, तिसऱ्यानें आणखी कांहीं. शाळांतून व कचेऱ्यांतून हीच रीत चालते. भार वांटला कीं तो भार राहत नाहीं.

आमच्या मनास या चालींतील जी गोष्ट लागली ती हीच आहे. नशिबाचे खेळ जगांत पुष्कळ आहेत. त्यांत ज्याचें दैव उघडतें त्यास कांहींतरी मिळतें आणि इतर हात हालवीत घरीं जातात. या पावांत उलट आहे. येथें दैववान् तो, ज्याच्यावर द्यावयाची पाळी आली. जेवावयास आलेला पाहुणा एका क्षणांत उद्यांचा यजमान होतो, आणि एका सायंकाळचा आनंद तेथेंच न संपतां त्यास पुढच्या भेटीची तारीख मिळते. ही तारीख पाळण्याची सक्ति कोण करितो? कायदा नाहीं, दंड नाहीं. चारचौघांनीं पाहिलेलें एक इवलेंसें बाळ आणि हंसत दिलेला शब्द, एवढाच काय तो जामीन. तेवढ्यावर हें वर्षानुवर्षें चालत आलें आहे.

आणि दुसरी गोष्ट. सण सुरू झाला तो गव्हाच्या पावानें, जो समुद्रापलीकडून आला. त्याची फेड झाली ती मक्याच्या तामालनें, जो त्या मातींतला. स्पॅनिश धर्मोपदेशक सहागुन यानें सोळाव्या शतकांत तेथील मूळ लोकांच्या चालीरीति मोठ्या परिश्रमानें लिहून ठेविल्या. त्यांच्या वर्षाचा पहिला महिना २ फेब्रुवारीस सुरू होई व तो पाऊस देणाऱ्या देवतांचा होता, असें त्यानें नमूद केलें आहे. तेव्हां ज्या दिवशीं आज तामाल वाटले जातात, तो दिवस मका पेरणाऱ्यांच्या मनांत आधींपासूनच महत्त्वाचा होता असें दिसतें. जिंकणाऱ्यांचें अन्न आणि जिंकलेल्यांचें अन्न हीं आज एकाच वचनाच्या दोन टोकांस बांधलीं गेलीं आहेत. एकाशिवाय दुसऱ्याचा सण पुरा होत नाहीं.

आतां हा सण मेक्सिकोच्या सीमेंत मावत नाहीं. पोटासाठीं उत्तरेकडे गेलेलीं लक्षावधि मेक्सिकन कुटुंबें अमेरिकेंत लॉस अँजेलिस, शिकागो, सॅन अँटोनियो अशा शहरांतून राहतात. तेथें ६ जानेवारीस सुट्टी नसते. म्हणून पुष्कळ ठिकाणीं लगतच्या शनिवार-रविवारीं सण साजरा होतो, आणि त्याची जागा बहुधा मोहल्ल्यांतील मेक्सिकन बेकरी ही असते. दुकानांतच मोठा रोस्का कापतात, चॉकोलेट वाटतात, मुलांस राजांच्या वेषांतील मंडळी भेटतात. ज्यांचे आजी-आजोबा दूर राहिले त्यांस त्या दुकानाच्या वासांत आपलें घर सांपडतें.

तेथें एक नवी अडचणहि निघाली आहे. लहान मुलाच्या घशांत बाहुली अडकेल या भीतीनें कांहीं दुकानें ती पावांत न घालतां वेगळ्या पुडींत देतात. ही काळजी योग्यच आहे. पण मग बाहुली लपवावी कोणी? घरांतील वडील मंडळीनें. पुडी तशीच फडताळावर पडून राहिली तर पाव खाऊन होतो, चॉकोलेट संपतें, मंडळी आपापल्या घरीं जातात, आणि २ फेब्रुवारीस कोणाकडेच जावयाचें नसतें. पाववाला पाव देऊं शकतो. वचन मात्र ज्याचें त्यानेंच आपल्या पावांत घालून घ्यावें लागतें.

असो. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या देशांत हा पाव मिळणें कठीण, आणि त्यासाठीं हट्ट धरावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पुढच्या खेपेस कोणाच्या घरीं सणाचें गोड जेवून परत येतांना आपल्या तुकड्यांत कांहीं लपलेलें होतें काय, हें एकदां पाहावें. बहुधा असतें. तें गिळून टाकूं नये, एवढीच आमची विनंति आहे.